या वयात हे माकडचाळे?

वाचक लिहितात:

«मी ५२ वर्षांची. सोलापूरच्या पूर्व भागात एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. शाखेतली एक मुलगी मागच्या महिन्यात मला जुळे सोलापुरात एका शिबिराच्या ओळखसत्राला घेऊन गेली. दोन तास, फुकट. पत्रकावर लिहिलं होतं, 'हालचाल, आवाज आणि कल्पनेच्या खेळांतून स्वतःची ओळख. तुमचं खरं रूप तुम्हाला भेटेल.' वीसेक माणसं होती, सगळ्या वयांची. गोल उभं केलं आणि आपलं नाव घेऊन कुठलीही एक हालचाल करा म्हणाले. माझी पाळी आली नि मी दगड. शेवटी नमस्कार केला. सगळे हसले, मीही हसले, पण कानशिलं तापली. नंतर एकमेकांचे आरसे झालो, नसलेला चेंडू फेकला, अर्थ नसलेल्या भाषेत भांडलो. त्यात मजा आली, खोटं कशाला बोलू. शेवटी डोळे मिटून श्वास संपेपर्यंत 'आ' लावायचा होता. तिसऱ्या-चौथ्या 'आ'ला मला रडूच कोसळलं. कारण काहीच नाही. मॅडमनी पाणी दिलं, बाजूला बसवलं आणि हळूच म्हणाल्या, 'आत खूप साठलंय तुमच्या.' तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आता त्यांचं दोन दिवसांचं शिबिर आहे, २५०० रुपये. आमचे हे म्हणतात, या वयात हे माकडचाळे कशाला. नणंद म्हणते, असले पंथ असतात, अडकशील. माझा गुडघा दुखतो, अभिनय येत नाही, गाणं येत नाही. आणि तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर? जाऊ की नको?

ता.क. हे रोज पहाटे होम मैदानावर हास्यक्लबला जातात.»

ताई,

पत्रातला सगळ्यात कामाचा मजकूर तुम्ही ता.क.मध्ये सारलात, तेव्हा तिथूनच सुरू करते. हास्यक्लब हा प्रकार मुंबईच्या डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्चमध्ये काढला. अंधेरीची एक बाग, पाच माणसं. सुरुवातीला गोलात एकेकानं विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं अशी पद्धत होती. पंधरवड्यातच बरे विनोद संपले आणि राहिले ते चारचौघांत सांगण्याजोगे नव्हते. मग कटारियांनी विनोदच काढून टाकला. कारण नसताना हसायचं, खोटं तर खोटं, पण एकमेकांच्या डोळ्यांत बघून हसायचं. थोड्या वेळानं खरं हसू आपणहून येतं. म्हणजे तुमचे यजमान रोज पहाटे उघड्या मैदानावर, ओळखी-अनोळखी माणसांपुढे हात वर करून जे करतात ते हालचाल आणि आवाजाचं शिबिरच आहे. फक्त त्याच्यावर 'तब्येतीसाठी' अशी चिठ्ठी लावलेली, म्हणून त्याला कुणी माकडचाळे म्हणत नाही. हे त्यांना एकदा सांगा, हसत सांगा आणि सोडून द्या. तुम्ही जिंकाल यात शंका नाही, पण असल्या विजयाचं पुढं घरात करायचं काय?

आता तुम्ही दगड का झालात ते बघू, कारण मला वाटतं तुमची सगळी भीती तिथूनच निघालीय.

तुम्हाला अंग हलवायची लाज वाटते असं मला वाटत नाही. तुमच्या वयाच्या बाईनं मंगळागौरीला फुगड्या घातलेल्या असतात, झिम्मा खेळलेला असतो, कोंबडा होऊन उड्या मारलेल्या असतात, सूप नाचवलेलं असतं, सासू-सुनेचं खोटं भांडण रंगवलेलं असतं. तोल, ठेका, दम, प्राण्याची नक्कल, नाटक, सगळं एका रात्रीत, तेही नऊवारी सावरत. तुमच्या शाखेच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत नवरात्रात तेलुगू बायका बतुकम्मा रचतात आणि फुलांच्या त्या उतरंडीभोवती टाळ्या वाजवत, गात गोल फिरतात. त्यातल्या कितीतरी जणी दुसऱ्या दिवशी तुमच्या काउंटरवर मान खाली घालून पासबुक पुढं करत असतील. म्हणजे गोलात उभं राहून हसणं-नाचणं-ओरडणं आपल्याला कुणी बाहेरून आणून शिकवायची गरज नाही.

पण तिथं निमित्त असतं आणि पावलं ठरलेली असतात. फुगडीत तुम्हाला कुणी थांबवून विचारत नाही की, बाई, तुमची स्वतःची हालचाल कोणती? तुम्ही कुणाची तरी वहिनी, कुणाची जाऊ म्हणून उतरता आणि खेळ तुम्हाला ओढून नेतो. शिबिरात मात्र पहिल्या पाच मिनिटांत हाच प्रश्न आला. बावन्न वर्षांत कुणी न विचारलेला प्रश्न, तोही वीस अनोळखी माणसांसमोर, आणि उत्तराला तीन सेकंद. दगड होणार नाही तर काय होणार? शिवाय नमस्कार ही हालचालच की. नियम तुम्ही पाळलात. लोक हसले ते बहुतेक सुटल्यासारखं हसले असतील, कारण पुढच्या चार-पाच जणांनी मनात तोच नमस्कार तयार ठेवला होता.

माझं मत विचाराल तर नवख्या गटाची सुरुवात त्या खेळानं करूच नये. त्यात एकेक माणूस एकटा उघडा पडतो. आधी सगळ्यांनी मिळून नुसतं चालावं. हळू, भरभर, मे महिन्यात दुपारी अनवाणी गच्चीवर गेल्यासारखं, सिद्धेश्वर एक्स्प्रेसची शिट्टी झालीय आणि आपण अजून जिन्यावरच आहोत असं. सगळेच धावत असले की कुणी कुणाकडं बघत नाही. नाव आणि हालचाल तासाभरानं घेतली तरी चालते, तोवर अंग सैल झालेलं असतं.

पुढच्या खेळांत तुम्हाला मजा का आली, त्याचंही कारण आहे. हे खेळ ज्यांच्या कामातून जगभर पोचले त्यांत व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) हे मोठं नाव. शिकागोत हल हाउस नावाचं एक समाजकेंद्र होतं, परदेशांतून येऊन वसलेल्या गरीब कुटुंबांच्या वस्तीत. तिथं नीव्हा बॉइड या शिक्षिकेच्या हाताखाली स्पोलिनबाई शिकल्या आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्याच शहरात, सरकारी योजनेत, अशाच वस्त्यांतल्या मुलामोठ्यांबरोबर नाटकाचं काम करू लागल्या. घरोघरी भाषा वेगळी, शाळेची पाटी कोरी किंवा अर्धवट. भाषणं देऊन काही शिकवायची सोयच नव्हती. म्हणून त्यांनी खेळ रचले आणि प्रत्येक खेळात एकच काम दिलं. चेंडू नाही, पण त्याचं वजन सांभाळ. समोरचा हात वर नेतोय, तू त्याचा आरसा हो. मन त्या कामात गुंतलं की 'मी कशी दिसतेय' हे बघायला जागाच उरत नाही. कुणाची शाबासकी मिळवायची किंवा कुणाची नापसंती टाळायची, या धडपडीत माणूस आखडतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. नसलेला चेंडू झेलताना तुम्ही आखडला नाहीत, कारण तेवढा वेळ तुम्ही परीक्षेला बसलेल्या नव्हता.

म्हणून 'अभिनय येत नाही' ही काळजी तर पहिल्यांदा काढून टाका. अभिनयाला प्रेक्षक लागतो. हुतात्मा स्मृती मंदिरात स्पर्धेचं नाटक उभं राहतं तेव्हा पुढं तिकीट काढलेली माणसं असतात, परीक्षक असतात, त्यांच्यापर्यंत शब्द पोचवावा लागतो. त्यासाठी तालीम आणि अंगात काहीतरी असावं लागतं. शिबिरात सगळे गोलाच्या आत. बाहेर खुर्ची टाकून कुणी 'बघायला' बसलंय, असं दिसलं तर मात्र बेलाशक विचारा, हे कोण? गाण्याचंही तेच. तिथं आवाज सुरात लावायचा नसतो, नुसता लावायचा असतो.

आणि अर्थ नसलेल्या भाषेत भांडायचं म्हणाल, तर ते तुमचं रोजचं काम आहे. पूर्व भागातल्या शाखेत विडी वळणारी एखादी अम्मा तेलुगूत तक्रार करते, तुम्ही मराठीत समजावता, मागून कुणीतरी कानडीत टोमणा मारतो, शिपाई दखनीत मध्यस्थी करतो आणि तरी पिग्मीचा हिशेब लागतो. हातवारे, भुवया, आवाजाची चढ-उतार यांवरच निम्मं काम होतं ना? सोलापूरकराला तो खेळ सोपा जावा यात नवल नाही.

आता पत्रकातलं ते 'खरं रूप'. ते मला पटत नाही. दोन दिवसांत खरं रूप भेटवून देतो म्हणणाऱ्यानं पन्नास वर्षं तुम्ही जे रूप घेऊन वावरलात ते खोटं ठरवलं, आणि कशाच्या जोरावर? या खेळांत सापडतात त्या बारीक गोष्टी. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) गरीब वस्त्यांत, कष्टकऱ्यांबरोबर असे खेळ घेत. त्यांचं सांगणं असं की माणसाचा धंदा त्याच्या अंगाला वळण लावतो. रोज तीच हालचाल करून काही स्नायू राबतात, काही झोपी जातात, आणि आपल्याला वाटतं, आपलं अंग असंच. सोलापुरात हे शिकवायला पुस्तक नको. यंत्रमागाच्या खडखडाटात पाळी करून आलेला माणूस घरी साधं 'पाणी दे' म्हणाला तरी शेजाऱ्याला भांडण वाटतं. मांडीवर सूप घेऊन वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या बाईची मान गप्पा मारतानाही खालीच असते. तुमचंही असणारच काहीतरी. थकबाकीदाराशी बोलताना कोपरं टेबलावर, खांदे पुढं, आवाज वरच्या पट्टीत, आणि घरी गेल्यावर तोच आवाज कुठं जातो कोण जाणे.

खेळात हे आपलं आपल्याला दिसतं, तेवढंच. आरशाच्या खेळात दुसऱ्याच्या मागं जायला तुम्हाला छान जमतं, पण पुढं व्हायची पाळी आली की हात छातीच्या वर जातच नाही. गर्दीत चालताना बाजूला सरकणारी दर वेळी तुम्हीच. सगळ्यांनी मिळून आवाज लावला की श्वास शिल्लक असतानाच तुम्ही थांबता, कारण आपला आवाज एकटा मागं राहायला नको. नसलेला चेंडू हातून पडला तरी 'सॉरी' म्हणणारी माणसं असतात, आणि ती बहुतेक बायका असतात. असं काही दिसलं की लगेच स्वतःला सुधारायला निघू नका. दिसलं, पुरे. पुढं एखाद्या मीटिंगमध्ये किंवा जेवणाच्या ताटावर ते आपोआप आठवतं आणि कधीकधी तुम्ही वेगळं वागून बघता. माझ्या मते या शिबिरांचं मोल एवढंच आहे, आणि ते कमी नाही.

आता रडण्याकडं येते. 'कारण काहीच नाही' असं तुम्ही लिहिलंत, तर आधी स्वतःवर विश्वास ठेवा. रडू दाबताना आपण घसा आवळतो, जबडा घट्ट धरतो, श्वास वरच्या वर घेतो. दिवसभर ग्राहकांपुढं शांत राहायचं काम करणाऱ्या माणसाची ती सवय होऊन जाते. लांब 'आ' लावायला घसा मोकळा सोडावा लागतो, जबडा पाडावा लागतो आणि उच्छ्वास लांबतो. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोकेही थोडे मंदावतात. एवढी पकड एकदम सुटली तर डोळ्यांतून पाणी येऊ शकतं. त्यामागं एखादी जुनी जखम असलीच पाहिजे असं नाही.

असू शकते, हेही खरं. आल्फ्रेड वोल्फसोन नावाचा एक जर्मन तरुण पहिल्या महायुद्धात जखमींना उचलून आणण्याच्या कामावर होता. युद्ध संपलं तरी मरणाऱ्या सैनिकांच्या किंकाळ्या त्याच्या कानांतून जाईनात, उपचारांनीही गेल्या नाहीत. शेवटी तो स्वतःचा आवाज मोकळा करत करत त्यातून बाहेर आला आणि पुढं आवाजाचा शिक्षक झाला. माणूस वापरतो त्यापेक्षा त्याचा आवाज फार मोठा असतो, हे तो शिकवत राहिला. तेव्हा आवाजाच्या तळाशी काय आहे ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

तुमचं कुठलं, हे त्या संध्याकाळनंतरच्या दिवसांवरून ओळखा. रडून हलकं वाटलं, रात्री जेवण-झोप नीट झाली, तर विषय तिथंच मिटला. पण झोप उडालीय, कामात लक्ष नाही, सारखं भरून येतंय आणि हे दोन आठवड्यांवर चाललंय असं असेल, तर शिबिर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडं जा. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. तिथं जायला संकोच वाटला तर १४४१६ या 'टेली-मानस'च्या सरकारी क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

राहिलं मॅडमचं वाक्य. त्यांनी पाणी दिलं, बाजूला बसवलं, बाकीचा गट चालू ठेवला, तुमच्याभोवती गर्दी होऊ दिली नाही. हे सगळं त्यांनी नीट केलं. 'आत खूप साठलंय तुमच्या' हे मात्र बोलायला नको होतं. पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही बाईला हे सांगून बघा, तिला पटणार. हे कुडमुड्या जोश्याचं वाक्य आहे, घरात कुणीतरी तुमच्यावर जळतं असं सांगणाऱ्याचं. दोन तासांच्या ओळखीत कुणाच्या आत काय साठलंय हे सांगता येत नाही, सांगायचा अधिकार तर त्याहून नाही. नाटकाच्या वाटेनं मनावर उपचार करण्याची शाखा आहे, जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञानं व्हिएन्नातल्या आपल्या प्रयोगांतून सायकोड्रामा उभा केला. पण त्याला मोठं प्रशिक्षण लागतं, आणि तिथं माणूस उपचार घ्यायला आलोय हे माहीत असूनच येतो. शनिवार-रविवारच्या खेळांच्या शिबिरानं त्या दारातून आत शिरू नये. मॅडम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. चांगल्या मनाची माणसंही उत्साहाच्या भरात असं बोलून जातात. तुम्ही ते वाक्य महिनाभर उराशी धरून बसलात, ते आता खाली ठेवा.

तुमच्या नणंदबाईंना उगाच मोडीत काढू नका. त्यांची शंका रास्त आहे, फक्त ती सगळ्यांनाच लावता येत नाही. खेळांचं साधं शिबिर आणि माणसं अडकवणारा कारभार यांतला फरक ओळखायला मी एकच कसोटी लावते: तिथं 'नाही' म्हणता येतं का? मॅडमना फोन करा आणि सरळ विचारा, एखादा खेळ मला नको वाटला तर? 'मग बसा, बघा, वाटलं तर पुढच्या खेळाला या' असं उत्तर आलं तर पैसे भरायला हरकत नाही. 'अहो, तीच तर तुमची भिंत आहे, तीच मोडायचीय' असं उत्तर आलं तर फोन ठेवा आणि त्या २५०० रुपयांची मुदत ठेव काढा. व्याज तुम्हीच द्याल.

तेवढ्यावर थांबू नका. पहिल्या दिवशी पहिल्या तासातच एखादा बारीकसा खेळ मुद्दाम नाकारून बघा, जमत असलेला. काय होतं ते बघा. कुणी भुवई उंचावली नाही, कुणी 'कम ऑन ताई' करून टाळ्या वाजवल्या नाहीत, तर जागा चांगली आहे. डोळे बांधून चालायचा खेळ असेल तर हात कुणाच्या हातात द्यायचा हे तुम्ही ठरवायचं. स्त्री-पुरुष एकत्र असतील तर स्पर्श कुठवर, हे सुरुवातीलाच सगळ्यांसमोर बोललं गेलं पाहिजे. शेवटी गोलात बसून 'काय वाटलं' सांगायची वेळ येते, तिथं 'मला आज बोलायचं नाही' हे पूर्ण उत्तर आहे. आणि पुढची वरची पातळी आजच नोंदवा, येताना दोन माणसं घेऊन या, घरच्यांना काही सांगू नका, त्यांना कळणार नाही, असलं काही कानावर पडलं तर नणंदबाईंचं खरं ठरलं असं समजून चपला शोधा.

एकट्या मॅडमच्या भरवशावर तीस-चाळीस माणसं घेणार असतील तर तेही मला नको वाटतं. पंधरा-वीस ठीक.

गुडघ्याचं आधीच सांगून टाका, लाजू नका. जमिनीवर बसायचे, उकिडवं व्हायचे, गर्रकन वळायचे खेळ सोडता येतात, आणि आरसा, आवाज, नसलेल्या वस्तू हे सगळं खुर्चीत बसून तेवढंच छान होतं. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उतरू नका. साडीत चालत नाही असं नाही, मंगळागौर साडीतच होते, पण पायात येणारी नको. सुती सलवार बरी. आणि डॉक्टरांनी गुडघ्यावर उड्या मारू नका म्हणून सांगितलं असेल तर ते तिथल्या उत्साहात विसरू नका. रविवारी रात्री शेक घेताना तुम्हीच आठवाल.

तर माझं उत्तर: त्या फोनवर नीट उत्तर मिळालं तर जा. जाताना रूप-बिप शोधायला जाऊ नका, खेळायला जा. घरी 'स्वतःच्या शोधासाठी' असं सांगितलंत तर प्रश्नांची माळ लागेल. 'दोन दिवस मजा करून येते, डबे करून ठेवलेत' हे सगळ्यांना समजतं. डबे करून ठेवायचे की नाही हा तुमचा प्रश्न. मी असते तर ठेवले नसते.

ओळखीचं कुणी भेटेल का? भेटणारच. सात रस्त्यावर शिंकलं तर नव्या पेठेत 'बरं आहे ना?' म्हणणारं हे गाव. पण समोरचाही तेव्हा हत्ती झालेला असेल, सोंड हलवत असेल, त्यामुळं गावभर सांगायची त्याची हिंमत तुमच्याइतकीच असेल. तुमच्या शाखेचा थकबाकीदारच गोलात निघाला तर थोडी पंचाईत आहे, कबूल. दोन दिवस त्याच्याशी हप्त्याचा 'ह' काढू नका, सोमवारी नेहमीसारखा फोन करा. तो भरेल अशी मला तरी आशा आहे.

खरी काळजी माणसांपेक्षा मोबाइलची करा. हल्ली अशा प्रत्येक शिबिरात कुणीतरी व्हिडिओ काढत असतं आणि रात्रीपर्यंत त्याची रील फिरू लागते. डोळे मिटून 'आ' लावलेला तुमचा चेहरा तुमच्या सभासदांनी बघावा का, हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. मॅडमना फोन कराल तेव्हाच विचारा आणि नंतर व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून ठेवा, म्हणजे लेखी राहील: 'माझा चेहरा दिसेल असा फोटो किंवा व्हिडिओ कुठेही टाकू नये.' त्यांनी 'ठीक आहे' लिहिलं की पैसे भरा. 'जाहिरातीला लागतात हो थोडे' असं आलं तर भरू नका, कारण एकदा फिरलेली रील परत गोळा करून देणारा माणूस अजून तरी मला भेटलेला नाही.